थोडा पिवळा कमी

तलासरी नाक्यावर, नविनच्या मोबाइल दुकानाला लागून, सुदामचा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी सुदाम नुसते फोटो काढायचा आणि छापायला डहाणूच्या लॅबमध्ये पाठवायचा. रंगांची जबाबदारी लॅबवाल्याची. ती लॅब बंद पडली तेव्हा सुरतेला दिलेल्या लेकीने, संगिताने, वडिलांना नवा कॅमेरा आणि फोटो छापायचा प्रिंटर घेऊन दिला.

साठी ओलांडलेल्या सुदामला त्या कॅमेऱ्याची बटणं हाताखाली यायला अख्खा पावसाळा गेला. हिंदी व्हिडिओ बघत, चुकत-माकत शिकला. सरावासाठी समोर बसायला बायको होती, जयश्री. ती पोळपाट बाजूला सारून स्टुलावर येऊन बसायची, तो सांगेल तिकडे मान वळवायची आणि प्रिंट निघाली की आधी आपल्या हातात घ्यायची. "चेहरा फिका पडलाय, थोडं ऊन येऊ द्या त्यात," म्हणायची. तो कुरकुरत पिवळा वाढवायचा.

त्यानंतरच्या माघात ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात खेळ आटोपला.

त्यानंतर सुदाम एकटाच स्क्रीनपुढे बसू लागला. त्याला प्रत्येक फोटो पिवळट दिसायचा. नवा कॅमेराच पिवळा मारतो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि दरवेळी पिवळा थोडा थोडा कमी करत गेला. गिऱ्हाइकं फोटो घ्यायची, क्षणभर बघायची, बरं आहे म्हणायची आणि जायची. पुन्हा येणारी कमी होत गेली. त्याने त्याचा दोष मोबाइलवर टाकला. दिवस मावळला की शटर अर्धं ओढायचा, मागच्या खोलीत भात लावायचा आणि रेडिओ चालू ठेवून जेवायचा, कारण जेवताना कुणीतरी बोलत असण्याची त्याला सवय होती.

दिवाळीनंतर उधव्याची चंद्रिका आली. तिची सासू सोनीबाई फार थकली होती. ती हिंडती-फिरती आहे तोवर तिचा मोठा फोटो काढून घरात लावायचा होता. सुदाम उधव्याला गेला. म्हातारी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून अंगणात बसली होती, उन्हात छान दिसत होती. त्याने फोटो काढला, फ्रेम करून पाठवून दिला.

चार दिवसांनी चंद्रिका फ्रेम घेऊन दुकानात उभी.

"भाऊ, राग नका मानू. सासू बोलते, मी अजून जिवंत आहे, यात मेलेली दिसते."

सुदामला राग आलाच. पण बाईने बरोबर पिशवीतून लुगडंही आणलं होतं. तिने ते काउंटरवर पसरलं आणि फोटो शेजारी ठेवला. सुदामला दोन्ही हिरवे एकच वाटले. ती म्हणाली, फोटोतला मोरपिशी झालाय आणि कातडी राख फासल्यासारखी दिसते. मग त्याने त्याच फोटोच्या लहान लहान प्रिंट काढल्या, प्रत्येकीत रंग जरा वेगळा ठेवून, आणि तिला निवडायला सांगितलं. तिने जी उचलली ती त्याला हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

बाईला रंग कळत नाहीत, असं वाटून तो सगळ्या प्रिंट घेऊन शेजारी नविनकडे गेला. काही न सांगता त्याच्यापुढे मांडल्या. नविनने लुगड्याकडे बघून त्याच प्रिंटवर बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की, काका." नविन घुटमळला. हातातला मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "तुमचे फोटो वर्षभर निळेच येतात. पण काकी नुकत्या गेलेल्या. तुम्हाला कोण सांगणार?"

सुदामने प्रिंट गोळा केल्या. परत येऊन त्याने चंद्रिकेला तिने निवडलेल्या रंगात मोठी प्रिंट काढून दिली. काढताना त्याला ती चूकच वाटत होती.

डहाणूच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकत आलाय, आणि त्यातून सगळं पिवळट दिसणारच. उजवा आधी करायचा ठरला. सोबत कोण आहे, असं नर्सने विचारलं. संगिताचं बाळ लहान होतं, तिला त्याने कळवलंच नव्हतं. तो म्हणाला, येतील मागाहून. ऑपरेशननंतर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सुनेने त्याला चहा आणून दिला आणि त्याच्या माणसांची दोनदा चौकशी केली.

पट्टी सुटल्यावर दुकानात आला, गॉगल काढला आणि डावा डोळा झाकला. भिंत पांढरी होती. उजवा झाकला, तर तीच भिंत चहा सांडल्यासारखी. किती वेळ तो असा उघडझाप करत राहिला.

मग त्याने जयश्रीच्या फोटोकडे बघितलं. तेराव्यासाठी त्याने स्वतः छापलेला. तिचा गव्हाळ चेहरा निळसर, गार पडला होता. त्या फोटोला माणसांनी हार घातले होते, हात जोडले होते, आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

त्याने कॉम्प्युटर उघडला. कॅमेरा शिकतानाचे तिचे फोटो तसेच पडून होते. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तिच्या हातात राखाडी कार्ड देऊन काढलेले. ते कार्ड खऱ्या आयुष्यात राखाडी असतं, तेव्हा फोटोतही त्याला राखाडी करून घेतलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. त्याने कार्डावर क्लिक केलं. चेहऱ्यात ऊन आलं. आणि साडी जांभळी झाली.

त्याला ती तपकिरी म्हणून माहीत होती. नेसून समोर आली तेव्हा, कशी दिसते, असं तिने विचारलं होतं, आणि तपकिरी तुला शोभते, असं तो म्हणाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली होती, मग हसली होती. त्याला वाटलं होतं, खूश झाली.

त्याने संगिताला फोन लावला. "आईची ती साडी जांभळी होती का गं?"

"हो. मीच आणलेली. तिला जांभळा किती आवडायचा. का हो?"

"काही नाही. बाळ झोपलं का?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. ऑपरेशनचं तेव्हाही सांगितलं नाही.

कार्ड धरलेले हात फ्रेमबाहेर ठेवून त्याने तो फोटो छापला आणि जुन्याच्या जागी लावला. वर्षभरात ज्यांना ज्यांना फोटो दिले त्यांतल्या आठवतील त्यांना बदलून देतो म्हणून निरोप धाडले. थोडे आले. बरेच म्हणाले, राहू दे, आता सवय झाली.

फाल्गुनात डावा डोळाही झाला. आता रंग कुणाला विचारायची गरज उरली नव्हती. तरी संध्याकाळी तो एखादी प्रिंट घेऊन नविनच्या दुकानात जातो. गिऱ्हाइकांच्या गर्दीतून नविन मान वर करतो, बघतो, "बरोबर आहे, काका," म्हणतो आणि पुन्हा मोबाइल उघडायला घेतो. सुदाम थोडा वेळ काउंटरपाशी उभा राहतो. मग कुणाला अडचण नको म्हणून बाजूला सरकतो, आणि परत येतो.