सरळ पडदे

ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्ट सालची. मी बावीस वर्षांची होते आणि मामाच्या वाद्यांच्या दुकानात पियानो सुरात लावायचं काम करत होते. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक लांबट खोली, मधे फळ्यांची आडभिंत आणि तिच्यामागे माझी चिमुकली खोली. मामा पुढे बसून गिटारी बनवायचा. सरसाच्या भांड्याखाली दिवसभर मंद आच असायची. तो वास पहिल्यांदा येणाऱ्याला नकोसा व्हायचा. मला अजून कुठे आला तर माझी पावलं थांबतात.

माझ्या कानाचं मामाला भारी कौतुक. गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्यासमोर शिंकायचं असेल तर सुरात शिंका." गावातल्या दोन्ही शाळांचे पियानो आणि सभागृहातला मोठा पियानो मीच लावायचे. खिशात नादकाटा, ठोकला की एकच पक्का सूर देणारा लोखंडी चिमटा, असायचा, पण तो बहुतेक वेळा दाखवण्यापुरताच. सूर केसभर सरकला तरी मला बसल्या जागी कळायचं, आणि कळलं की चैन पडायची नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाई आपल्या वडिलांना घेऊन आल्या. बाई बत्तीस वर्षांच्या, गिटार बरी वाजवायच्या. वडील म्हणजे जुने नावाडी. जन्मभर नदीवर माणसं पार नेणारी तर चालवलेली, हातांना वल्ह्यांचे घट्टे. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. महिन्याभरात शस्त्रक्रिया व्हायची होती आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

नावाडीबाबांना त्यांच्या आईची गाणी येत. आई जाळी विणताना गायची, हे वल्हं मारताना गायचे. लेकीलाही गाणी पाठ होती, पण तिचं म्हणणं असं की काही सूर तिच्या गळ्यातून तसे निघतच नाहीत. शाळेत पियानोबरोबर गायला शिकल्यामुळे गळा सरळ रस्त्यावरून जातो आणि बाबांचा सूर दोन पडद्यांच्या, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधे कुठेतरी बसलेला असतो. तिला अशी गिटार हवी होती, की जिच्यावर ते सूर जिथल्या तिथे सापडतील. बाबांचा आवाज आहे तोवर.

मामाला असलं काम म्हणजे मेजवानी. त्याने पडद्यांच्या अखंड पट्ट्या घातल्याच नाहीत. प्रत्येक तारेखाली एक बारीक लांब खाच कोरली आणि तीत पितळेचे तांदळाएवढे तुकडे बसवले. तुकडा घट्ट बसायचा, पण हाडाच्या काडीने नेट लावून ढकलला तर पुढेमागे सरकायचा. सहा तारा, एकोणीस पडदे, म्हणजे एकशे चौदा तुकडे. मी त्याला म्हटलं होतं, ही गिटार आहे की कवळी?

मग नऊ दिवस, रोज दुपारी, बाप-लेक येऊन बसायचे. बाबा एक ओळ गायचे, बाई तार छेडायच्या, मामा तुकडा सरकवायचा. बाबा मान हलवायचे, पुन्हा गायचे, मामा पुन्हा सरकवायचा. जुळलं की बाबा मांडीवर थाप मारायचे आणि मामा त्या तुकड्याशेजारी टोकदार पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. लाकूड नवं होतं. आठ-पंधरा दिवस बाईंकडे वाजून, तारांचा ताण घेऊन ते स्थिरावलं की गिटार परत आणवून, ठिपक्यांवरून सगळं एकदा तपासून मग तो कायमच्या खुणा कोरणार होता.

हे सगळं मी आडभिंतीमागून ऐकत होते. ऐकत कसली, दात आवळून सोसत होते. तिसरा सूर उतरलेला, सातवा ना धड इकडचा ना तिकडचा, आणि तेच पुन्हा पुन्हा. पाचव्या दिवशी ते गेल्यावर मी मामाला म्हटलं, म्हातारा तिसरा सूर उतरलेला गातोय, तुझ्या लक्षात येतंय ना?

तो काडी पुसत म्हणाला, "कोणापेक्षा उतरलेला?"

मला वाटलं, गंमत करतोय. मी हसले.

गिटार पूर्ण झाली त्याच आठवड्यात मामाला एक चेलो पोचवायला दूरच्या गावी जावं लागलं. चार दिवसांचा प्रवास. जाताना एवढंच म्हणाला, की शस्त्रक्रिया गुरुवारी आहे, शुक्रवारी शिंपीणबाई गिटार न्यायला येतील, त्यांना दे. गिटारीला हात लावू नकोस असं तो म्हणाला नाही. सांगायची गरज आहे असं त्याच्या मनातही आलं नसणार.

गुरुवारी दुपारी मी ती पेटीतून काढली. आमच्या दुकानाचा एक नियम होता, वाद्य बाहेर जाताना त्यावर पेन्सिलीची एक खूणही दिसता कामा नये. मी तेलाचं फडकं घेऊन तारांखालची पट्टी पुसली. ठिपके गेले. हे सवयीने झालं, असं मी म्हणू शकते. पुढचं सवयीने झालं नाही.

पुसताना तारांवर बोट फिरलं आणि तो तिसरा सूर वाजला. मी हाडाची काडी घेतली. तो तुकडा सरळ रेषेत आणला. मग शेजारचा. स्वतःला मी काय काय सांगत होते ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. बाई उद्या चारचौघांत वाजवतील आणि लोक हसतील. मामाच्या नावाला बट्टा लागेल. आजारी म्हाताऱ्याचं मन राखायला मामाने ऐकून घेतलं, आता कुणीतरी नीट करायला हवंच. यातलं एकही कारण खरं नव्हतं. भिंतीवर वाकडी तसबीर दिसली की हात आपोआप जातो ना, तसा माझा हात गेला, एवढंच. सदतीस तुकडे वाकडे होते. दोन तासांत सगळे सरळ केले, आणि मी इतकी खुशीत होते की शीळ घालत होते.

शुक्रवारी बाई आल्या. डोळे जागरणाने सुजलेले. बाबा शुद्धीवर आलेत, बरे आहेत, म्हणाल्या. पेटी न उघडताच उचलून घेऊन गेल्या.

सोळा दिवसांनी दोघं दुकानात आले. तोवर मामा परतला होता. बाबांच्या गळ्याला पांढरं फडकं होतं आणि गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली, शाळेतल्या पोरांची असते तशी. बाई मामाला म्हणाल्या, मिस्त्री, काहीतरी बिनसलंय. घरी वाजवून दाखवलं तर बाबा नुसती मान हलवतात, नाही नाही अशी.

मामाने पेटी उघडली. मी आडभिंतीच्या दारात उभी होते. त्याने गिटार उजेडाकडे धरून पट्टीवरून एक डोळा मिटून पाहिलं, सुतार फळी पाहतो तसं. बाईंना दिसली नसेल, पण त्याची मान ज्या तऱ्हेने थबकली ती मला दिसली. तुकडे आपणहून सरकले तर कुठेही जातील. ओळीत उभे राहायला ते काही शाळेतली पोरं नव्हेत. एकोणीसच्या एकोणीस रेषा सरळ. त्याला त्या क्षणी सगळं कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "माझ्या खाचा सैल राहिल्या. तुकडे घसरले."

मग त्याने बाबांना समोर बसवलं आणि पुन्हा लावायला घेतलं. बाईंनी तार छेडायची, मामाने तुकडा सरकवायचा, बाबांनी हाताने वर की खाली ते दाखवायचं. पण पूर्वी ते गाऊन दाखवायचे. गाताना सूर कुठे आहे ते गळ्याला ठाऊक असायचं. आता नुसत्या कानाने शोधायचं म्हणजे अंधारात चाचपडणं. वर, वर, थोडं खाली, नाही, पुन्हा वर. मघाशी बरोबर म्हटलेलं दुसऱ्यांदा चूक वाटायचं. तासाभरात एक सूर धड ठरेना. बाबांचे ओठ हलत होते आणि आतून नुसती हवा येत होती.

माझ्या खिशात नादकाटा होता. मी तो इतका घट्ट धरला होता की तळहातावर वळ उठला. एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्याने सूर परत आले नसते, पण बाप-लेकीला चूक कुणाची ते कळलं असतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात बाबांनी पाटी ओढली, खडूने काहीतरी लिहिलं आणि लेकीपुढे धरली.

"मीच विसरलो असेन."

बाईंनी ते वाचलं, तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या मिस्त्री. बाबा दमलेत."

मी तोंड मिटलं.

ते गेल्यावर मामाने हत्यारं जागच्या जागी ठेवली, सरसाचं भांडं उतरवलं आणि मला म्हणाला, उद्या मुलींच्या शाळेत पियानो आहे ना, लवकर जा, त्यांची परीक्षा आहे. त्या दिवशी नाही आणि नंतर एकवीस वर्षांत कधीही तो त्याबद्दल बोलला नाही. बोलला असता तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. त्याने ते ओळखलं होतं की काय, की त्याला माझी कीव आली, मला माहीत नाही. मला मात्र त्याच्या पाठीकडे बघून काम करायची सवय लागली. समोरून बघवायचं नाही.

गोष्ट गावभर झाली. गावातले दुसरे वाद्यवाले त्याला 'सैल खाच' म्हणू लागले. चहाला जमले की, "काय सैल खाच, आज काय काय घसरलं?" मामाही हसायचा. त्याच्याइतक्या घट्ट खाचा त्या भागात कुणाला कोरता येत नव्हत्या आणि हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे.

मामा चौऱ्याऐंशी साली गेला. मी शिंपीणबाईंकडे गेले ती एक्याण्णव साली.  आधी मामा आहे तोवर त्याचं खोटं उघडं पाडायचं कसं, असं म्हणायचे. तो गेल्यावर, आता उकरून काय उपयोग, असं म्हणायचे. पन्नाशीला आल्यावर दोन्ही सबबींचा मला कंटाळा आला.

बाई साठीच्या झाल्या होत्या. मशीनवर परकराला दुमड घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुसलेले ठिपके, हाडाची काडी, सदतीस तुकडे, शीळसुद्धा. त्यांनी मशीन थांबवलं नाही. दुमड शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग चष्मा काढला.

"बाबा पाटीवर काय लिहून गेले, आठवतं ना तुला?" म्हणाल्या. "त्यानंतर त्यांनी गाणं ओठांवरसुद्धा आणलं नाही. आईची गाणी आपण जन्मभर चुकीची गात आलो, असं धरून गेले. मिस्त्री बिचारे गेले. मी राहिले. मला सांगून तुला बरं वाटेल गं. त्यांना कोण सांगणार?"

 

मग त्या उठल्या, कपाटावरून पेटी काढली आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "तू भिंतीमागे नऊ दिवस ऐकत होतीस ना? गावात तुझ्यासारखा कान नाही म्हणायचे मिस्त्री. मग लाव."

मी तीन दुपारी तिथे बसले. कुठला सूर उतरलेला होता, कुठला चढलेला, ते मला पक्कं आठवत होतं. किती, ते आठवेना. नऊ दिवस मी बाबा किती चुकतात एवढंच ऐकलं होतं. ते काय गात होते ते ऐकलंच नव्हतं. तरी मी तुकडे सरकवले. बाई वाजवायच्या, डोळे मिटायच्या. तिसऱ्या दिवशी एक ओळ वाजवून त्यांनी तीच पुन्हा वाजवून पाहिली.

"असेलही," म्हणाल्या. "आता माझंच मला कळत नाही."

मी नादकाटा खिशातून काढलाच नव्हता. काडी खाली ठेवली आणि निघाले. त्यांनी दारापर्यंत येऊन कडी लावून घेतली.

आता कुणाचं काय झालं ते सांगते. नावाडीबाबा शस्त्रक्रियेनंतर चौदा महिने जगले. नदीवर जाऊन बसायचे, तर पैलतीराला गेली की उठून घरी यायचे. मामाने तसली गिटार पुन्हा बनवली नाही. दोन जणांनी विचारलं होतं. त्याने हात जोडले. शिंपीणबाईंनी गल्लीतल्या मुलींना ती गाणी मी त्यांच्याकडे जाण्याआधी पंचवीस वर्षं शिकवली होती, सरळ सुरांत, कारण गिटारीवर तेच सूर होते. त्या मुलींनी आपापल्या मुलींना शिकवली. आता मोठे समारंभ असले की वीस-वीस जणी मिळून ती म्हणतात, आणि एकीचाही सूर हलत नाही. बाई दोन हजार चार साली गेल्या. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी जाऊन आले. त्यांनी मला ओळखलं, पाणी मागितलं, बाकी काही नाही. गिटार त्यांच्या नातीकडे आहे. तुकडे सारखे सरकतात म्हणून तिने ते काढून साध्या पट्ट्या बसवून घेतल्या, असं ऐकते.

मी अजून आहे. साठी उलटेपर्यंत पियानो लावत राहिले. एकदाही कुणाची तक्रार आली नाही.