अर्ध्यावर संपलेलं पान

दिवाणानं दार ओढून पाहिलं. बाहेरून कडी नव्हतीच. (उरलेल्या मिरच्या.)

पहारेकरी बदलला. नव्याचा उजवा पाय किंचित घासत होता. (मेथीची जुडी.)

भिंतीवर कोळशाच्या चारशे रेघा. (काकडी. कागद ओला, पाचशेही असतील.)

गाविलगडावर धुकं उतरलं आणि कोठडीत... (इथून पुढचा भाग वाळवीनं खाल्लेला.)

भाजीवाल्या मनकर्णानं रद्दीच्या कागदात बांधलेली वांगी सोडून माणिकबाईंच्या पिशवीत ओतली आणि कागद मांडीखाली दाबला. माणिकबाई रोजच्या गिऱ्हाईक. त्या पिशवीकडे पाहत राहिल्या.

"कागद काहून काढून घेतला वं? सोन्याचा हाय का?"

"लागते, बाई. काल काकडी नेली तो बी असन तर आनजा."

"कागदासाठी एवढी मागं लागतं. एखांदं वांगं जास्त द्याले बी मागं लागत जाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला, आणि त्याच्या बदल्यात एक वांगं जास्तीचं उचललंच.

अकोल्याच्या भाजीबाजारात चंद्रभान रद्दीवाल्याकडून मनकर्णा कागद घ्यायची. या खेपेला गठ्ठ्यात एक जुनी कादंबरी उसवून आली होती. तिचं नाव वाळवीनं खाल्लं होतं आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे आकडेही. मनकर्णाला वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी कागद जाड तरी असायचा, नाहीतर पातळ.

घरी तिचा नवरा पुंजाजी खाटेवर होता. जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाठ पाठीवर पडली, त्याला सात महिने झाले होते. कमरेखालचं सगळं गेलं. तो आता चालायचा नाही असं दवाखान्यात सांगितलं, त्या दिवसापासून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. भाकर एकीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. मनकर्णा बाजारातून यायची, त्याला पुसायची, खालचं कापड बदलायची, कूस वळवून द्यायची. तोवर तिचे हात इतके भरून यायचे की स्वतःच्या पदराची गाठ सुटायची नाही. एकदाच तो म्हणाला होता,

"किती दिवस वं असं?"

तीही मनात तेच विचारत होती.

मग एका संध्याकाळी उरलेल्या मिरच्या कागदासकट घरी आल्या. पुंजाजी चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं कागद छातीवर ठेवून तळहातानं सपाट केला, दोन्ही बाजू वाचल्या, पुन्हा वाचल्या. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली.

"बाकीचे कागद कोठी हायेत?"

सात महिन्यांत दुखण्याखेरीज दुसरं काही त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

खाटेवर आडवी सुतळी बांधली गेली. तिच्यावर पानं लटकली. आकडे नव्हते, म्हणून पुंजाजी दिवाणाच्या दाढीवरून क्रम लावू लागला. दाढी हनुवटीला असलेली पानं डावीकडे, छातीला आलेली उजवीकडे. दाढीनं भागलं नाही तिथं कोळशाच्या रेघा मोजायच्या. कोठडीतला तो दिवाण नुसत्या पावलांवरून पहारेकरी ओळखायला शिकला होता. दिवाळीपर्यंत पुंजाजीला सगळी गल्ली पावलांवरून ओळखू येऊ लागली. मनकर्णा उंबऱ्याशी पोचण्याआधीच आतून आवाज यायचा,

"आज टोपलं जड हाय. अन् डाव्या चपलेचा अंगठा तुटला."

अंगठा खरंच तुटलेला असायचा.

ती त्याला पुसत असताना तो गोष्ट सांगायचा. तिचं गोष्टीकडे फारसं लक्ष नसे. तो थांबत तर नाही ना, एवढंच ती ऐकायची. भाकर मात्र आता पूर्ण संपत होती.

मग एके दिवशी बाजारात, गठ्ठ्याच्या तळाशी, तिला ते पान सापडलं. छपाई अर्ध्यापर्यंत, खाली सगळं कोरं. गोष्ट इथं संपते, एवढं तिलाही कळलं. दिवाण सुटला की मेला, हे तिला कळायची सोय नव्हती आणि तिला ते नकोही होतं. हे पान सुतळीवर चढलं की पुंजाजी पुन्हा भिंतीकडे वळेल. तिनं पानाची चौघडी केली आणि ज्वारीच्या मडक्यात खोल खुपसली.

गठ्ठा संपला. पुंजाजी रोज एकच विचारू लागला.

"मधातलं एक पान नाही. एका पानावर सहाशे रेघा हायेत, अन् दुसऱ्यावर भिंत एकदम कोरी. कोनं पुसली असन?"

चार दिवसांनी ताटात भाकर अर्धी उरली. आठव्या दिवशी चतकोरच खाल्ली गेली.

त्या रात्री तिला झोप आली नाही. पहाटे तिनं मडक्यात हात घातला. पान त्याच्या छातीवर ठेवलं आणि पाठमोरी होऊन घासलेलंच ताट पुन्हा घासत बसली. मागे पान सपाट केल्याचा आवाज आला.

मग पुंजाजी हसला. ते हसू ती विसरली होती.

"हे शेवटचं वाटलं तुले? भाग सरला की खाली अशी जागा सोडतेत."

ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

"मंग... भिंत कोनं पुसली जी?"

"त्यानंच. मोजनं सोडलं त्यानं."

मनकर्णा खाटेच्या काठावर टेकली. बाजाराची वेळ होत होती, तरी टेकली.

"अन् शेवटचं पान?"

"गेलं असन कोनाच्या मेथीसंगं. तू पाह्यत राह्य."

तिनं मान हलवली. टोपलं उचललं, तुटक्या चपलेत पाय सरकवला आणि निघाली. आत पुंजाजी कान देऊन तिची पावलं ऐकत होता.

मिरच्यांच्या त्या पहिल्या कागदावर, अगदी तळाशी, 'समाप्त' असं छापलेलं होतं.