गाडीच्या पोटातलं शिसं

माझे सासरे दयाराम यांनी शिशाची गोळी दाढेखाली धरून चपटी केली, तेव्हा केसर त्यांच्या मांडीवर होती. माझी मुलगी, दीड वर्षांची. आजोबांचा जबडा हलला तसा तिनेही आपला हलवला. मी दारात कपडे घडी करत होते. हातातला टॉवेल तसाच राहिला.

माझ्या नवऱ्याच्या, हितेशच्या, मित्रांनी पनवेलला एका गाळ्यात छोट्या गाड्यांचा मोठा लाकडी ट्रॅक बांधलाय. ट्रॅकला खाच असते, गाडीच्या नाकाखालची पट्टी त्या खाचेत बसते, वीज मिळाली की गाडी पळते. हितेशला तिथं सत्तर वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाडीचं मॉडेल करून न्यायचं होतं. लांबट नाक, उघडी चाकं, चालवणाऱ्याचं डोकं बाहेर. मोटार आणि चाकं त्याने मागवली. बॉडी मात्र बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी केली. आधी सागाच्या तुकड्यातून साचा कोरला, मग होडीला चढवतात तसं त्यावर फायबर चढवलं.

गेल्या वर्षी बोटीवर दोर ओढताना बाबांची दोन बोटं गेली. आता बोट चुलत दीर चालवतात. बाबा रेवदंड्याच्या खाडीकडे पाठ करून ओटीवर बसायचे, जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. गाडीचं काम निघालं आणि ते स्वतःहून टेबलाशी येऊ लागले, पातं कुठाय, चहा कुठाय विचारू लागले. हितेशच्या हे लक्षात आलं नसेल. माझ्या आलं होतं.

हितेशने फळीवर खाच पाडून घरीच एक वळण केलं होतं. त्या वळणावर गाडी खाचेतून उडायची. बाबा म्हणाले, होडीसारखंच आहे, पोटात वजन नाही. गळाच्या दोरीला लावतात त्या शिशाच्या गोळ्या त्यांनी काढल्या, आणि जन्मभर केलं तसं दातांनी चपट्या करून गाडीच्या तळाला चिकटवायला घेतल्या.

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलंय. शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं ते हितेशला सांगितलं. तो म्हणाला, अगं, अख्खा कोळीवाडा दातानं शिसं चावतो, बाबांना काय झालं? मी बाबांपुढे पक्कड आणून ठेवली. किती दाबायचं ते दाताला कळतं म्हणत त्यांनी ती बाजूला सारली. आणखी ताणलं तर ते पुन्हा ओटीवर जाऊन बसतील, याची मला भीती होती. म्हणून मी टेबल पुसत राहिले, केसरचे हात धूत राहिले, तिला उचलून आत आणत राहिले. ती परत पळायची.

शुक्रवारी दुपारी ती तोंड घट्ट मिटून माझ्याकडे आली. मी बोट घातलं. गोळी निघाली. तिच्या पुढच्या दातांच्या खुणा त्यावर उमटलेल्या. मी शाबासकी देईन म्हणून ती बघत होती.

बाबांनीही पाहिलं. मी तिचं तोंड धुतलं आणि तिला घेऊन रिक्षाने अलिबागला गेले. डॉक्टरांनी रक्त घेतलं. नमुना मुंबईला जाणार होता. घाबरू नका, पण घरातलं शिसं आधी काढा, म्हणाले.

परत आले तर गाडी टेबलावर उलटी, तळ खरवडून साफ केलेला. गोळ्यांचा डबा घरात नव्हता. बाबा ओटीवर. केसर धावत गेली, तशी त्यांनी हात पाठीमागे घेतले.

मी शेजारी बसले. “बाबा, मला गाडी बंद करायची नाहीये. फक्त शिसं नको.”

“माजा बा चावायचा, मी बगायचो. तसाच शिकलो,” ते म्हणाले. “हिला पन मीच शिकवलं.”

त्यांनीच पुढे विचारलं, वजन नाही तर गाडी वळणार कशी? मलाही माहीत नव्हतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, खाली भर घालता येत नसेल तर वरचं सामान कमी करायचं. उठले, आणि बॉडी आतून घासून पातळ करायला बसले. भुकटी उडणार म्हणून मी त्यांच्या नाकातोंडाला ओढणी बांधली, केसरला शेजारच्या नीराबाईंकडे ठेवलं. ओढणीतून ते काही पुटपुटले. हितेश हसला. म्हणाला, बाबा म्हणतायत, आता ही मला श्वासही घेऊ देणार न्हाय.

गाडी अजून उडते, पण कमी.

केसरचा रिपोर्ट आला. शिसं मर्यादेपेक्षा थोडं जास्त. घरातल्या गोळ्या गेल्यात, आता उतरेल, पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनीही रक्त द्यावं म्हणून मी मागे लागले होते, ते ऐकत नव्हते. रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी मात्र धुतलेला सदरा घालून रिक्षात येऊन बसले. केसर माझ्या मांडीवर होती. चौल मागे पडल्यावर, बाहेर बघतच त्यांनी विचारलं,

“माज्या रक्तात लय निगालं, तं हिला घेऊ नको का?”

इतके दिवस ते तिला उचलत नव्हते. मला वाटत होतं, माझ्यावर रुसलेत.

“बाबा, रक्तातलं असं नाही लागत. हात धुतलेत ना?”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. घासून घासून लाल झालेले. मी केसरला त्यांच्या मांडीवर दिलं. रिक्षा खड्ड्यात आदळली तसं त्यांनी तिला पोटाशी धरलं, आणि मग सोडलंच नाही.

अलिबाग येईपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत होते, काही चघळत तर नाही ना म्हणून.