गुरुवारचा उपास

उद्या परभणीहून साहेब येणार म्हणून मी ईश्वरअप्पाच्या किराणा दुकानात खुर्च्या मागायला गेलो. बुधवार, दुपारचे चार. अप्पा तूरडाळ जोखायलते. हात असा लटपटत होता की डाळ तागडीत कमी आन् खाली जास्त पडायलती.

"अप्पा, बसा जरा," मी म्हणलो.

"कोण, वैभव का?"

वैभव त्यांचा नातू. तो पुण्याला असतो. मी सिद्धोधन. दर गुरुवारी ज्याच्यापुढं अप्पा बोट धरतात तो.

पंखा चालू, तरी कपाळ घामानं गच्च. हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस ओळखू येत न्हाई. साखर लय खाली गेली की असं होतं. हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण डोळ्यानं आजवर बघितलं नव्हतं, फक्त मोबाईलवर. दोन सेकंद नुसता उभा राहिलो, खरं सांगतो. मग पोत्यातली मूठभर साखर घेतली आन् त्यांच्या तोंडाजवळ नेली.

अप्पांनी दात आवळले.

"उद्या तपासणी हाय," दातातूनच म्हणले.

"अप्पा, तोंड उघडा!"

"उद्या. उद्या खातो."

आवाज ऐकून महादेवीकाकू आतून पळत आल्या. त्यांनी तांब्यात साखर कालवली, तांब्या नवऱ्याच्या ओठाला लावला. "महादेवाची आण हाय तुमाला. प्या म्हणते ना! मला ह्या वयात विधवा करायलाव का?"

अप्पा प्यायले. दहा मिनिटं मी आन् काकू त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. गिऱ्हाईक आलं, तसंच परत गेलं. मग अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "सिदू, तू कवा आलास रे?"

मी खाली सांडलेली डाळ गोळा करायला लागलो.

"मंगळवारी रात्रीपासून पोटात अन्नाचा कण न्हाई," काकू म्हणल्या. "वरून शुगरची सकाळची छोटी गोळी दोन-दोन."

"कामून?"

"कामून म्हणजे? तुझा गुरुवार असतो ना." काकू सोमवार करतात, त्या सोमवारासारखंच सहज म्हणल्या. "समदेच धरतात की. तुला मालूम न्हाई?"

मला मालूम नव्हतं.

आता हे सगळं कसं चालतं ते सांगतो. सरकारच्या आरोग्य विभागानं काही गावात शुगर शाळा काढल्या. आमचं गाव चुडावा स्टेशनापासून चार किलोमीटर. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी सकाळी नऊला शाळा. एकोणीस जण. उपाशीपोटी यायचं, बोटाला सुई टोचायची, मशीनवर आकडा बघायचा. मग अर्धा तास मी बोलायचं. काय खायचं, किती चालायचं, पाय कसे तपासायचे. गोळ्या उपकेंद्राच्या राजेश्री मॅडम देतात. मी शुगर मित्र. पंधरा दिवसाचं ट्रेनिंग, बाकी सगळं पुस्तिका वाचून आन् मोबाईल बघून शिकलो. बीए दुसऱ्या वर्षाला सोडलं. ह्याच्याआधी मी कुठंच टिकलो न्हाई.

टाळ्यांची आयडिया माझी होती. आकडा एकशे तीसच्या खाली आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या महिन्यात एकच माणूस होता टाळ्यांचा. पाचव्या महिन्यात चौदा. राजेश्री मॅडमनी आकडे वर पाठवले, वरून शाब्बास आलं. मला वाटलं मी शिकवायलोय भारी.

आन् मीच एकदा सगळ्यांसमोर बोलून गेलो होतो. "आकडे खाली दिसले न्हाई तर मार्चनंतर शाळा बंद. मी पण घरी."

तोंडाला लगाम न्हाई माझ्या.

दुकानातून निघालो ते पळतच. मॅडमना फोन लावला. त्या पूर्णेच्या बसमध्ये होत्या, आवाज तुटायलता. सगळं सांगितलं.

"एकेकाच्या घरी जा," त्या म्हणाल्या. "आत्ता. रात्री सगळ्यांनी जेवायचं. सकाळची गोळी तपासणी झाल्यावर, नाश्त्याबरोबर, एकच. कोणी चक्कर येते म्हणालं तर आधी साखर, मग मला फोन."

"आन् उद्याचं, मॅडम? साहेबांपुढं आकडे..."

"सिद्धोधन, आधी घरोघर जा."

अप्पाचं सोडून अठरा घरं. वरच्या गल्लीपासून धरलं. सहा महिने ज्या लोकांना कमी खा, भात सोडा, गोड सोडा म्हणून बेजार केलं, त्यांच्याच दारात आता मी हात जोडून उभा. जेवा की ओ!

"मास्तर, तुमचं डोकं फिरलं का?" तात्याराव म्हणले. "मागच्या गुरुवारी मी भाकर दीड सांगितली तर तुमी डोळे वटारले."

"आज दोन खा. माझ्यासमोर खा."

"आन् उद्या तीनशे आली मंग?"

"येऊ द्या."

"साहेबासमोर?"

"येऊ द्या म्हणलो ना!"

माझा आवाज चढला. त्यांची सून चुलीपुढून वळून बघायली. मी माफी मागितली, पुढच्या घरी गेलो.

चंद्रभान गुरुजी रिटायर मास्तर. त्यांनी वहीच काढून दाखवली. किती तास न खाल्लं की किती पॉइंट उतरतात, सगळं रेघा मारून लिहिलेलं. आन् हे ते दुसऱ्यांना समजावून पण सांगायचे! "तू नेमक्या आकड्याला टाळ्या ठेवल्यास," ते म्हणले. "पेपर फुटला की पोरं पास होतात. मी छत्तीस वर्षं बघितलंय."

"गुरुजी, अप्पा आज दुकानात मेले असते."

गुरुजींनी वही मिटली. चष्मा काढला, परत घातला. "ताट वाढ गं," आत सांगितलं.

कुणी हसलं, कुणी भांडलं. एकीनं मला पण ताट वाढलं, म्हणली तू खा मग मी खाते. मी चार घरी चार चतकोर भाकर खाल्ली. पोट तट्ट. एका दारात बसलो की पुढच्या दारातलं माणूस दिसायचं. पडलं असंल तर? एकटं असंल तर? साडेसात वाजता शेवटचं घर. चांगुणाबाईचं.

ती आमच्याच गल्लीतली. नात्यानं आज्जी लागते. एकटीच राहते. नवरा आश्रुबा, त्याचा पाय शुगरनं गुडघ्यापासून कापला होता आन् वर्षाच्या आत तो गेला.

"मला अप्पाच्या दुकानातलं कळलं," मी आत पाय टाकायच्या आधीच म्हणली. "बस. जेवते मी. भांडू नको."

तिनं माझ्यासमोर ज्वारीची अर्धी भाकर आन् वरण खाल्लं. मला बरं वाटलं.

"आज्जे, मला खोटे आकडे नको. नोकरी गेली तर गेली."

"तुझ्या नोकरीला काय चाटायचंय का मला?" ती म्हणली. "आमच्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला काटा टोचला. दोन महिने हळद भरली मी. हळद! कुणी सांगितलंच न्हाई की शुगरवाल्याचा पाय रोज बघायचा असतो. तू सांगितलं. पहिल्यांदा तू. ही शाळा बंद झाली तर मंग कुणाला इचारायचं? तुझ्या मोबाईलला?"

"सकाळी गोळी घेऊ नको," एवढंच म्हणलो. "तपासल्यावर."

"बरं," ती म्हणली.

गुरुवार. साहेब सव्वानऊला आले. ते डॉक्टर नव्हते, योजनांचे आकडे बघायचं काम त्यांचं. माणूस चांगला होता. चप्पल बाहेर काढून आत आले, सगळ्यांना नमस्कार घातला. राजेश्री मॅडमनी रजिस्टर पुढं ठेवलं. सगळे अप्पाच्या खुर्च्यांवर बसलेले, पोरांचा निकाल लागायच्या दिवशी बसतात तसे.

मी टोचायला लागलो. तात्याराव दोनशे एकतीस. गुरुजी एकशे नव्वद. ईश्वरअप्पा दोनशे अठ्ठेचाळीस. मी आकडा म्हणायचो, मॅडम लिहायच्या. साहेब मागच्या महिन्याचं पान बघायचे, आजचं बघायचे, परत मागचं.

"काय झालं ह्या महिन्यात?" त्यांनी विचारलं. "लग्नसराई का?"

सगळे माझ्याकडं बघायलते. मी पुढची पट्टी काढली. मनात म्हणलं आधी सगळ्यांचं होऊ दे, मग सांगतो. खरं तर भ्यालो होतो.

शेवटी चांगुणाबाई. तिनं बोट पुढं केलं. बोट गार होतं. पट्टीवर रक्त लावलं, मशीननं पाच सेकंद मोजले आन् आकडा दिला. चोपन्न.

मी आकडा तोंडातून काढला न्हाई; सत्तरच्या खाली म्हणजे धोका. साहेबांनी वाकून बघितला.

"चोपन्न! वा! बघा, ह्या आजी बघा. ह्यांना जमलं तर बाकीच्यांना का जमू नये? ह्यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या!" आन् साहेबांनी स्वतः वाजवायला सुरुवात केली. सवयीनं चार-पाच जणांनी पण वाजवल्या.

चांगुणाबाई हसली. हसताना तिचा एक डोळा भलतीकडंच बघायलता.

"टाळ्या बंद करा!" मी वरडलो. साहेबांवर. मला माझाच आवाज ओळखू आला न्हाई. "मॅडम, ग्लुकोज!"

मॅडमनी आधीच पुडा फोडून पाण्यात कालवला होता. अप्पा खुर्चीवरून उठले, त्यांनीच तिची पाठ धरली. "पी चांगुणे, पी. मी काल हेच येडेपण केलं." ती घोट घोट प्यायली. निम्मं लुगड्यावर सांडलं. साहेब भिंतीला टेकून उभे, हात अजून छातीपाशीच.

पंधरा मिनिटांनी परत टोचलं. ब्याण्णव.

"किती गोळ्या घेतल्या?" मॅडमनी विचारलं.

"दोन," ती म्हणली. "पहाटं." मग माझ्याकडं न बघता, "एक तरी आकडा चांगला दिसावा म्हणलं."

मी साहेबांकडं वळलो. आता भ्यायला उरलंच काय होतं. सगळं सांगितलं. मंगळवार रात्रीपासूनचा उपास, डबल गोळ्या, टाळ्या माझ्या, मार्चचं बोललो ते पण मीच.

"म्हणजे हे मागचे आकडे खोटे?"

"मशीन खोटं बोलत न्हाई सर. आकडे खरे हायेत. उपासाचे हायेत."

"तुम्हाला कळतंय का, हे मी वर मॉडेल म्हणून दाखवणार होतो?"

"रजिस्टरवर माझीही सही आहे, सर," राजेश्री मॅडम म्हणाल्या. "मला आधीच शंका यायला हवी होती. एकदम चौदा जण कसे उतरले, मी विचारलंच नाही. आनंदच झाला."

साहेब खुर्चीत बसले. पेन उघडलं, बंद केलं. "मग मी काय लिहू?"

"आज दिसलं ते लिहा," मी म्हणलो.

त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं न्हाई. जाताना एवढंच म्हणले, की शाळेचं काय ते वर ठरेल, महिनाअखेर कळवतील. मॅडमना सांगितलं की सगळ्यांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या, तिला एका दिवसाच्या उपासानं फरक पडत न्हाई. मग चांगुणाबाईपुढं जरा थांबले. चप्पल घालून गाडीत बसले.

गाडी गेली. मला वाटलं आता सगळे उठतील. मी पट्ट्या गोळा करायला लागलो.

कुणी उठलं न्हाई.

"आज शिकवायचं न्हाई का?" गुरुजी म्हणले.

"काय शिकवू गुरुजी. सहा महिने शिकवलं की."

"सहा महिने तू काय खायचं ते सांगितलं," अप्पा म्हणले. "आमी काय खातो ते कुठं इचारलं?"

"विचारलं की. तुमी भाकर आन् पालेभाजी सांगायचे."

सगळे हसले. अप्पा पण. मग त्यांनी दाराकडं बघितलं, महादेवीकाकू न्हाईत ह्याची खात्री केली. "दुकानात बसल्या बसल्या शेंगदाणे आन् गूळ. मोजत न्हाई मी. दिवसभर चालूच असतं."

"मी दारू घेतो," तात्याराव म्हणले. "रोज न्हाई. म्हणजे, जवळजवळ रोज."

मी रजिस्टरचं कोरं पान उघडलं. वर तारीख टाकली. महिनाअखेरपर्यंत तीन गुरुवार होते हातात, पुढचं मालूम न्हाई. चांगुणाबाईच्या तोंडावर रंग आला होता, ती पदरानं ओठ पुसायलती.

"माझं ल्ही आधी," ती म्हणली. "सकाळचा च्या. दोन चमचे साखर." मी लिहिलं.

तिनं जरा थांबून पानाकडं बघितलं.

"तीन कर," ती म्हणली.