खिडकीवरची कप्पी

आमच्या घराचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. बेटाच्या धक्क्यावर ओळीने उभी असलेली जुनी उंच घरं, त्यातलं डावीकडून चौथं, पिवळं. फोटोत घर छानच दिसतं. फोटोत जिना दिसत नाही.

जिना इतका अरुंद आणि वळणाचा, की भरली बादली नेतानाही कोपर भिंतीला घासतं. जुने व्यापारी माल बाहेरून दोराने वर चढवायचे. त्यासाठी त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर तुळई बाहेर काढून कप्पी बसवली आणि जिन्यावर जागा वाया घालवली नाही. शहाणीच माणसं! म्हाताऱ्या आईला उचलून उतरवायची वेळ त्यांच्यावर आली नसणार. आता वारसा समिती जिन्याला हात लावू देत नाही, पण कप्पीचं तेलपाणी दरवर्षी न चुकता करून जाते.

आई तीन वर्षं खाली उतरली नव्हती. तिचं उठणं, बसणं, अंघोळ, सगळं माझ्या एकटीवर. माझी साठी उलटली होती आणि कंबरेने केव्हाच राजीनामा दिला होता. शेवटी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात मी तिचं नाव घातलं. तिला सांगितलं, "डोळे तपासून घेऊ, संध्याकाळच्या बोटीने परत येऊ." सख्ख्या आईशी खोटं बोलले. लाज वाटली, पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता.

राहिला प्रश्न उतरवण्याचा. धक्क्यावरचे म्हातारे हमाल, ज्यांना सगळं गाव दोरमामा म्हणतं, त्यांनी मान वर करून पाहिलं. "याच कप्पीवरून चाळीस वर्षं पोती उतरवलीत मी. वहिनी काय जड आहेत?"

सकाळी हात असलेल्या खुर्चीत आईला चादरींनी घट्ट बांधलं. खाली दोर धरून दोरमामा आणि त्यांचे दोन सोबती. बॅग मी आधीच नेऊन खालच्या दाराआड ठेवली होती.

"भाऊ, आपटू नका हं मला," आई खिडकीतून ओरडली.

"पोती एवढं बोलायची नाहीत, वहिनी!"

खुर्ची हळूहळू उतरू लागली. पर्यटकांनी कॅमेरे काढले. मला त्यांना समुद्रात ढकलावंसं वाटलं. आई मात्र मजेत होती. "अगं, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी पडदे बदललेत की!" मी जिन्यावरून धडपडत खाली आले, तोवर तिचे पाय फरशीला टेकले होते. ती पाण्याकडे बघत बसली होती. किती बारीक झाली होती ती! घरात रोज उचलताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दोरमामांनी खुर्चीची गाठ सोडली. "दोर असाच लटकता ठेवतो. संध्याकाळी परत चढवायचंय ना?"

मी वाकून आईच्या चादरी सोडू लागले. आईने एकदा उघड्या दारातून दिसणाऱ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काढून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "वाऱ्याने रात्रभर खिडकीवर आपटत राहील. हिला झोप लागायची नाही."