पुढं कोण, मागं कोण

बेल्याच्या बाजारात अमृतरावांचं किराण्याचं दुकान होतं. तिथं गूळ घ्यायचा तर आधी महिपतचं नाव काढायचं, हे गावातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. "काय वो दादा, औंदा शर्यतीत महिपत जितंल का?" एवढं विचारायचा अवकाश, अमृतरावांचा चेहरा उजळे. मागच्या साली मावल्याच्या तळ्यावरून परत फिरताना महिपतनं कुणाकुणाला कसं गाठलं, हे ते हातवारे करून सांगू लागत. त्या भरात खाली गेलेलं गुळाचं पारडं त्यांना दिसत नसे. त्यांची बायको सोजरबाई आतून ओरडे, "एक दिवस हे दुकानई पळून जाईन त्या महिपतच्या मागं!" गिऱ्हाईक बायका गूळ पदराखाली घेत आणि हसत निघून जात.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. दरसाल कापसाची वेचणी आटोपली की आदिलाबादेत खेळ भरत. कुस्त्या होत, बैलबंड्यांच्या शर्यती होत, पण सगळ्यांचा जीव अडकलेला असे तो पळण्याच्या शर्यतीत. कचेरीपासून निघायचं, मावल्याच्या तळ्याला वळसा घालायचा आणि परत कचेरीशी यायचं. इंद्रवेल्लीकडचा महिपत, जंगलखात्यातला चौकीदार, ही शर्यत लागोपाठ दोन साल जिंकला होता. तिसऱ्यांदा जिंकला तर चांदीचा कप कायमचा त्याच्या घरी जाणार होता. तसा नियमच होता. अमृतरावांना त्या कपाची जेवढी काळजी होती तेवढी महिपतच्या सख्ख्या आईलाही नसावी. गंमत अशी, की ते महिपतशी कधी एक शब्दही बोललेले नव्हते.

पळण्याचं हे वेड त्यांना कुठून लागलं देव जाणे. पुड्या बांधायला नागपूरची जुनी वर्तमानपत्रं येत, त्यात कुठं पळणाऱ्याचं चित्र सापडलं की त्या कागदात मिरची बांधली जात नसे. चित्र कापून भिंतीला डकवलं जाई. आणि गेली दोन वर्षं, चाळिशी उलटलेली असताना, पोट बऱ्यापैकी सुटलेलं असताना, अमृतराव स्वतः रोज सकाळी धोतराचा काचा मारून नाल्यापर्यंत पळत जात होते. लोक वाटेत विचारत, "काऊन दादा, कोनं चोरी केली?" ते उत्तर देत नसत, कारण उत्तर द्यायला श्वास उरत नसे.

यंदा त्यांनी शर्यतीत नावच दिलं. जिंकायचं तर दूरच, दहावं-बारावं येण्याचीही आशा नव्हती. इतकी वर्षं रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं, आता एकदा महिपतच्या शर्यतीत आपण असावं आणि त्यानं कप नेलेला आपण आतून पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. सोजरबाईंनी कपाळाला हात लावला आणि दशम्या बांधून दिल्या.

आदिलाबादेत पोचल्यावर कळलं, की शर्यत यंदा मावल्याला जाणारच नाही. जिल्ह्याचा कारभार बघायला नवे तालुकदारसाहेब आले होते. पळणारे एकदा निघाले की परत येईपर्यंत शामियान्यात बसून करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न साहेबांना पडला की त्रास इतरांना होतो. हैदराबादेहून एक ड्रिल मास्तर बोलावण्यात आला आणि त्यानं मैदानावर चुन्यानं मोठं थोरलं रिंगण आखलं. त्या रिंगणाला बारा चकरा मारायच्या, सगळ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत. जमलेल्या लोकांनी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. गोल फिरायला हा काय तेलाचा घाणा आहे, असं एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, तेव्हा शिपायानं त्याला मागं ढकललं.

शिट्टी वाजली. तीसेक जण एकदम सुटले आणि इतकी धूळ उडाली की महिपत त्या गर्दीतून कधी पुढं गेला, हे शेवटून दुसरे पळणाऱ्या अमृतरावांना दिसलंच नाही. दोन-तीन चकरांतच कितीतरी जणांना घेरी आली. कुणी रेघेबाहेर जाऊन बसलं, कुणी ओकलं. सरळ रस्त्यावर पळणारी माणसं ती, सारखं एकाच अंगाला वळायची सवय कुणाला? उरलेले रिंगणभर विखुरले, एक इथं, दोन तिथं. अमृतराव मात्र पळत राहिले. त्यांचा वेगच असा होता, की घेरी यायचं कारण नव्हतं. कितवी चक्कर चालली आहे हे त्यांनी मोजायला घेतलं होतं, पण पाचवी की सहावी या घोळात ते राहून गेलं.

आणि मग सहज मान वळवली, तर मागं महिपत.

अर्ध्या रिंगणाइतकं अंतर होतं, पण तो महिपतच होता. तीच लांब ढांग, तीच छातीशी धरलेली मूठ. अमृतरावांना काही उमजेना. महिपत मागं, म्हणजे आपण पुढं? असं कसं होईल? तो तर कधीचाच पुढं गेला होता. मग तो मागं आला कुठून? त्याला काटा लागला की काय? त्यांनी समोर पाहिलं, समोर जवळ कुणीच नव्हतं. पुन्हा मागं पाहिलं, महिपत होताच, आणि त्याच्या मागं निर्मळ गावचा एक तरणा पोलीस शिपाई.

एवढ्यात कडेनं आरडाओरडा सुरू झाला. कापसाच्या बंड्या घेऊन आलेले बेल्याचे लोक बंड्यांवर चढून नाचत होते. "आपले दादा पयले! आपले दादा पयले!" महिपत मागं आहे आणि दादा पुढं आहेत, हे त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं.

अमृतरावांनी ते ऐकलं. आपण पहिले आलो, तर महिपतचा कप गेला! आता बाजूला व्हावं, रेघेबाहेर जाऊन बसावं, असं एकदा मनात आलं. पण मग ते स्वतःवरच चिडले. महिपतसारख्या माणसाला वाट करून द्यायची? म्हणजे त्याला भीक घातल्यासारखंच झालं. तो गाठेल, आपल्या बळावर गाठेल, आणि गाठावंच त्यानं. आपण मात्र पुरतं पळायचं, नाहीतर त्याच्या गाठण्याला किंमत काय? असा सगळा विचार करून, हरण्याची मनापासून इच्छा धरून, अमृतराव जन्मात पळले नव्हते तसे पळू लागले.

इकडे महिपतचं काय झालं होतं? रस्त्यावर पळायची त्याची एक रीत होती. निघताना मागं राहायचं आणि मग पुढचा एकेक जण गाठत जायचं. पुढं कुणी दिसेनासं झालं, की आपण पहिले. रस्त्यावर ही रीत कधी चुकली नव्हती. पण रिंगणात पुढं कुणी ना कुणी दिसतच राहतं. सुरुवातीच्या धुळीत आपण कुणाकुणाला मागं टाकलं, हे त्यालाही दिसलं नव्हतं. त्यानं एकेक गाठला आणि शेवटी उरला एक पोट सुटलेला, धोतरवाला माणूस, अर्धं रिंगण पुढं. महिपतनं दात आवळले आणि शेवटासाठी राखून ठेवलेलं सगळं बळ त्याच्यामागं लावलं.

शेवटच्या चकरेची घंटा वाजली, त्यानंतर थोड्याच वेळात त्यानं अमृतरावांना गाठलं. तो शेजारून गेला तेव्हा त्याच्या छातीतून भात्यासारखा आवाज येत होता. अमृतरावांना हायसं वाटलं. पण त्याच्या मागोमाग तो निर्मळचा शिपाईही गेला, अगदी सहज. महिपतनं त्याला येताना पाहिलं, पाय उचलायचा प्रयत्न केला, आणि पाय उचलले नाहीत. दोरी शिपायानं तोडली. महिपत दुसरा आला. त्याच्या मागं पाच-सहा पावलांवर अमृतराव पोचले आणि दोरी पडलेली पाहून थांबले.

बेल्याच्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तिसरा नंबर! गुलाल कुठून आला कुणास ठाऊक, पण आला. अमृतराव खांद्यावर बसून रडत होते. लोकांना वाटलं आनंदानं.

ड्रिल मास्तर गर्दीतून वाट काढत आला. "लालाजी, उतरिए. आपका तो एक चक्कर बाकी है."

"कोनती चक्कर?" अमृतराव म्हणाले.

मास्तर बिचारा चांगला होता. त्यानं छडीनं मातीत रिंगण काढलं, दोन खडे ठेवले आणि ते फिरवून दाखवले. हा महिपत, हे तुम्ही. महिपतच्या सात चकरा होतात तेव्हा तुमच्या सहा आणि वर अर्धी. म्हणून तो तुमच्या मागं दिसतो. मागं दिसतो, पण असतो पुढं. बेल्याचे लोक वाकून पाहत होते आणि त्यांना काही केल्या पटेना. मागं म्हणजे मागं, त्यात खडे कशाला? अमृतरावांना मात्र कळलं. खडा दुसऱ्यांदा फिरला तेव्हाच कळलं आणि अंगावर गार पाणी ओतल्यासारखं झालं. महिपतनं सारं बळ शिपायावर नव्हे, आपल्यावर घालवलं होतं. त्याचा कप शिपायानं नेला, पण घालवला आपण.

ते गर्दीपासून दूर, मावल्याच्या रस्त्याशी येऊन उभे राहिले. दुकान, गूळ, भिंतीवरची चित्रं, सगळ्याची त्यांना लाज वाटू लागली. तेवढ्यात मागून कुणी आलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. महिपत होता.

"दादा, तुमी कोन गावचे?"

"बेल्याचा," अमृतराव कसेबसे म्हणाले.

"किराना दुकान हाय म्हनते लोक तुमचं. तुमच्या वयाचा मानूस माह्या पुढं पळून राह्यला होता, अकरा चकरा! तुमाले पकडता पकडता माही छाती फुटाची बाकी राह्यली." महिपत हसला, पण ते हसणं खरं नव्हतं. "बरं झालं, आजच कळलं. माहे पाय गेले, दादा. मी पळनं सोडलं."

इतक्या वर्षांनी महिपत अमृतरावांशी बोलत होता, त्यांच्या पायाला हात लावत होता. एक शब्दही न बोलता उभं राहिलं असतं, तर हे सगळं आयुष्यभर त्यांचं झालं असतं. बेल्यात जाऊन सांगता आलं असतं, आणि गावानं तर ते आधीच मानलं होतं. हे आपल्याला हवं आहे, फार हवं आहे, हे त्यांना स्पष्ट कळत होतं.

"मी पुढं नव्हतो, भाऊ," ते म्हणाले. "मी एक चक्कर मागं होतो."

महिपतनं मान हलवली. "माहं मन राखासाठी खोटं नका बोलू."

"खोटं नाही. त्या मास्तरले पुसा."

"मास्तरले काय पुसाचं? मी माह्या डोयानं पाह्यलं. तुमी माह्या पुढं होते."

अमृतरावांनी खडे शोधले, चुकीच्या बाजूनं फिरवले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि त्यांचं त्यांनाच गरगरू लागलं. मास्तरला जमलं ते त्यांना जमेना. शेवटी त्यांनी खडे फेकून दिले आणि काचा आवळला.

"चाला. त्या चिंचेपर्यंत पळा माह्यासंगं. हा रस्ता सरळ हाय. इथं तरी कळंल पुढं कोन अन् मागं कोन ते."

महिपतला हे नको होतं. तो थकला होता, आणि आणखी एकदा हरायची त्याची तयारी नव्हती. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दोघं निघाले. पहिली दहा पावलं बरोबर पडली. मग महिपतनं शेजारी पाहिलं, शेजारी कुणी नव्हतं. त्यानं मागं पाहिलं, अमृतराव लाल तोंडानं हातपाय झाडत येत होते, अगदी जीव तोडून, यात काही खोट नव्हती. महिपत पुढं वळला आणि मग थांबलाच नाही. रस्ता त्याच्या पायाखाली ओळखीचा झाला. अमृतराव मध्येच थांबले, गुडघ्यांवर हात टेकले आणि पाहत राहिले. चिंचेला वळसा घालून तो परत आला तेव्हा त्याचा श्वास फारसा चढलेलाही नव्हता.

"म्हंजे मी सगळ्यात मागच्याच्या मागं पळलो?"

"व्हय."

महिपतनं त्यांच्या सदऱ्याची छाती मुठीत धरली. "काऊन आले वो तुमी? काऊन पळले?"

"तुमच्यासंगं पळाचं होतं, भाऊ. दुसरं काईच नव्हतं मनात."

मूठ सुटली. महिपत रस्त्याच्या कडेला बसला आणि कपासाठी मोठ्यानं रडला. अमृतरावांना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क आता आपल्याला राहिला आहे का, हे त्यांना समजेना.

बऱ्याच वेळानं महिपतनं डोळे पुसले आणि बाजारात बैलाचे पाय चाचपतात तशा दोन्ही हातांनी आपल्या पोटऱ्या चाचपून पाहिल्या.

"कप गेला," तो म्हणाला. "पन पाय हायेत. हायेत ना, दादा?"

"मागच्या सालापेक्षाई जोरात गेले तुमी त्या चिंचेपर्यंत," अमृतराव म्हणाले. त्या दिवशी एवढी एकच गोष्ट त्यांना नक्की ठाऊक होती.