उंबरदरीचे पाटील

स्नेहल पाटील गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरीण बाई पाटील, रिसेप्शनवरची मुलगीही पाटील. कुणी "पाटील मॅडम" म्हटलं की तिघी माना वळवायच्या. याचा तिला वैताग होताच, पण याच आडनावापायी आपलं लग्न अडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

हर्षल पाटील पिंपळगाव बसवंतचा. घरचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं. आईच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी तो तिला दवाखान्यात आणायचा. गुडघा बरा झाला तरी तो येतच राहिला. दोघांनी ठरवलं, घरी सांगितलं, आणि हर्षलचे आईवडील स्नेहलला पाहायला आले. पोहे झाले, चहा झाला. हर्षलच्या वडिलांनी, मनोजरावांनी, सहज विचारलं, "मूळ गाव कोणतं तुमचं?"

"उंबरदरी," स्नेहलचे पप्पा, सावळीराम पाटील, ताठ बसत म्हणाले. "पाटीलकीचं घराणं आमचं."

मनोजरावांनी बशी खाली ठेवली. "आम्हीपण उंबरदरीचेच. आमच्या वडलांनी गाव सोडलं. पण पाटीलकी तर आमच्याकडे होती."

गाव लहान, पाटीलकीचं घराणं एकच. मग दोन्ही घरं भाऊबंदच झाली, आणि मुलगा-मुलगी नात्याने बहीण-भाऊ. हर्षलच्या आईने डोळ्यांना पदर लावला. पाहुणे निघून गेले.

"म्हणजे आता मी हर्षलला राखी बांधू का?" स्नेहल कडाडली.

"कुळाच्या गोष्टीत थट्टा नको," पप्पा म्हणाले.

पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. साहेब लोकांच्या हाताखाली सगळी नोकरी गेली, पण त्यांना सगळे 'पाटील' म्हणायचे आणि तेवढ्यावर त्यांचं पोट भरायचं. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी 'पाटील' एवढं मोठं लिहून घेतलं होतं की रिव्हर्स घेताना मागचं काही दिसत नसे. स्नेहलने किती सांगितलं, अर्ध्या जिल्ह्याचं आडनाव पाटील आहे. गावोगाव एकेक पाटील होता, त्याची भावकी वाढली, सगळेच पाटील लावायला लागले. ज्यांच्याकडे कधीच पाटीलकी नव्हती त्यांनीही मान मिळतो म्हणून लावलं. पप्पा म्हणायचे, "त्यांचं सोड. आपलं खरं आहे."

शेवटी आईनेच मुद्द्याचं विचारलं. "आपलं देवक कोणतं? त्यांचं नि आपलं एकच असेल तरच सोयरीक होत नाही, ते तरी बघा."

पप्पांना देवक माहीत नव्हतं. त्यांच्या लग्नात ते सिंधुबाईंनी, म्हणजे त्यांच्या आत्याने, पुजलं होतं. नवरा गेल्यावर सिंधुबाई माहेरी उंबरदरीला परतल्या होत्या, त्या अजून तिथेच राहत. रविवारी स्नेहलने पप्पांना गाडीत घातलं आणि थेट तिथे नेलं.

सिंधुबाई अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "सावळ्या, तुला कोणी सांगितलं आपण पाटील म्हणून?"

"म्हणजे?"

"आपण बोराडे. माझा आजा बहिरू बोराडे. त्याची बहीण हितल्या पाटलाला दिलेली. पाटील तापानं गेला, पोरगं पाळण्यात. गाव कोणी बघायचं? मग बहिणीनं भावाला बोलावून घेतलं. पोरगं मोठं होईस्तोवर बहिरूनं पाटीलकी चालवली आन् मग भाच्याला देऊन टाकली. पण लोकांच्या तोंडात पाटीलच बसलं. शाळेत मास्तरनं माझ्या बापाचं नाव घातलं, तेबी पाटीलच. त्या पिंपळगाववाल्याचा आजा म्हंजी तेच पाळण्यातलं पोरगं."

स्नेहलला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली. "आज्जी, मग आम्ही भाऊबंद नाही!"

"नाय गं! तू तर मामाच्या घरची पोरगी. मामाची पोरगी करायला लय शुभ."

पप्पा मात्र काळेठिक्कर पडले होते. "आत्या, हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

परतीच्या वाटेवर स्नेहलचा बांध फुटला. "भाऊबंद आहोत म्हणून नाही म्हणालात. आता भाऊबंद नाही, तरी नाहीच?"

"तसं नाही गं. पण मी त्यांच्यासमोर काय सांगू? आम्ही पाटील नाही? आयुष्यभर मिरवलं मी."

"तुमच्या पणजोबांनी काही चोरलं का? दुसऱ्याचं पोर मोठं होईपर्यंत गाव सांभाळलं आणि पाटीलकी जशीच्या तशी परत दिली. मिरवायचंच तर हे मिरवा ना!"

पप्पांना चार दिवस जेवण नीट गेलं नाही. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते म्हणाले, "चल पिंपळगावला."

मनोजरावांच्या ओसरीवर त्यांनी पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "आम्ही मूळचे बोराडे. पाटील तुम्हीच. आमचे बहिरूबाबा तुमच्या आजोबांचे मामा."

मनोजराव उठले. "बहिरूमामा? आमचे आजोबा जेवायला बसताना या नावाने एक घास बाजूला काढायचे. हे मामा कोण, ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." त्यांनी पप्पांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. पप्पांना रडू आवरेना, आणि मग दोघंही रडायला लागले. स्नेहल आणि हर्षल दारात ताटकळत उभे. लग्नाचं कुणी बोलेना.

बोलणं झालं ते दुपारच्या जेवणानंतर. तारीख धरली. पत्रिकेत बोराडे छापायचं की पाटील, यावर मात्र दोन्ही बापांची जुंपली. मनोजराव म्हणाले, पाटीलच छापा, तो मान तुमचाही आहे. पप्पा म्हणाले, छे, बोराडेच. आधी पाटील सोडवत नव्हतं, आता बोराडे सोडवेना. शेवटी स्नेहलने स्वतः छापखान्यात जाऊन 'बोराडे-पाटील' छापून घेतलं आणि पत्रिकांचा गठ्ठा आणून पप्पांच्या पुढ्यात ठेवला.

साखरपुड्याच्या दिवशी पप्पा प्रत्येक पंगतीत जाऊन बसले आणि बहिरूबाबांची गोष्ट पहिल्यापासून सांगत राहिले. हॉलवाला दिवे मालवायला लागला, आई सामान गाडीत ठेवून आली, तरी ते आचाऱ्याला सांगतच होते, "पोरगं पाळण्यात होतं बघा..."

"पप्पा, चला हो आता!" भरजरी शालू सावरत स्नेहल दारातून ओरडली.

"थांब गं," पप्पा मागे न बघता म्हणाले, "यांचंपण आडनाव पाटीलच आहे."